पांढरी मुळी

सेंद्रिय टॉनिक विकणाऱ्या माणसाइतका निर्लज्ज प्राणी मी दुसरा पाहिला नाही, आणि मी दाढी करताना रोज आरशात बघतो.

आमचा मुक्काम लातूरला, वीस गुंठे रान शिरूर अनंतपाळच्या शिवारात आणि बायकोचं माहेर नायगावला. महाशिवरात्रीला सासरी जाताना उपासाची रताळी आम्ही न्यायची, अशी पद्धत पडलेली. मी ती लातूरच्या गोलाईतल्या भाजीबाजारातून न्यायचो. धाकटा मेव्हणा पिशवीत डोकावून दरसाल तेच म्हणायचा, "दाजी, जमिनीचे मालक तुम्ही, अन् रताळी गोलाईची?" मग शाळेची सहल न्यावी तसा मला आपल्या हळदीच्या रानातून फिरवून आणायचा. एका साली मी भर पंगतीत बोलून बसलो, "पुढच्या खेपेला घरची रताळी नाही आणली, तर या घरात उपास सोडणार नाही!" बायकोनं कपाळावर हात मारला.

वेल लावले. ते आपले बरे चालले होते. पण बरं चाललेलं बघवत नाही अशा माणसांसाठीच कंपन्या निघतात. कृषी केंद्राच्या पायरीवर असल्याच एका कंपनीचा माणूस भेटला. काळ्या मातीच्या गावात पांढरे बूट. हातातल्या बाटलीवर लाट, सूर्य आणि ओंजळीतलं रोप. आत म्हणे समुद्री शेवाळाचा अर्क. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल याची खात्री नाही, आणि हा गडी समुद्र विकून राहिला होता.

"साहेब, कोरडं रान, पिकाला ताण बसतो. हे पाण्यातून सोडा, पांढरी मुळी सुटते."

पांढरी मुळी म्हणजे पाणी ओढणारी कोवळी, बारीक मुळं. हा शब्द आमच्या भागात देवाच्या नावासारखा घेतात. ऊसवाला घेतो, सोयाबीनवाला घेतो. मी विचारलं, "रताळ्याला चालतं का?"

"साहेब, रताळं म्हणजे मुळीच की!"

या युक्तिवादावर मी मान डोलावली. नंदीबैलसुद्धा याहून जास्त विचार करून डोलावतो.

बाटलीवर झाकणाचं माप होतं, मी मनाचं माप वापरलं. पाण्यात कालवून बुडाशी ओतलं, पंपानं पानांवर मारलं. रताळ्याचे वेल अधूनमधून उचलून पलटावे लागतात, नाहीतर जमिनीला टेकलेल्या पेरापेराला ते मुळं धरतात आणि खाली रताळी पोसत नाहीत. हे मला चांगलं ठाऊक होतं. पण कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "वेलाला हात लावू नका," आणि ठाऊक असलेलं विसरायला मला तेवढं पुरलं. पेरापेराला पांढऱ्याशुभ्र मुळ्यांचे झुबके आले. मी बायकोला दाखवले.

"लई छान," ती म्हणाली. "उकडून खायचे का तळून?"

मी तिच्याकडं दुर्लक्ष केलं आणि मुळ्या हातात धरून फोटो काढला. प्रगतशील शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. तिथं प्रगतशील होण्यासाठी शेत लागत नाही, फोन पुरतो. अंगठ्यांचा पाऊस पडला. कंपनीच्या माणसानं तो फोटो उचलून जाहिरात केली आणि फोटोतल्या मला फेटा चढवला. जन्मात मी स्वतःच्या लग्नाशिवाय फेटा बांधलेला नाही, आणि तेव्हाही फसवणूकच झाली होती असं बायकोचं म्हणणं आहे.

शिवरात्र जवळ आली तसं खणलं. ढेकळं निघाली, त्यांना मुळ्यांच्या दाढ्या निघाल्या. रताळी करंगळीएवढी, तीही तोंड लपवून बसलेली. मी कंपनीच्या माणसाला फोन लावला.

"साहेब, मुळी सुटली का न्हाई?"

"सुटली."

"मंग?"

ह्या चोरावर खोटं बोलल्याचाही आरोप करता येईना.

शेवटी गोलाई गाठली. बाजारातली रताळी धुतलेली, गुलाबी. मी त्यांना रानातल्या काळ्या मातीत लोळवलं, माती वाळू दिली, पोत्यात भरलं आणि नायगाव गाठलं.

मेव्हण्यानं पोतं उघडलं, एक रताळं तळहातावर तोललं. "ऐला दाजी! म्हंजे जाहिरात खरी हाय!" त्यानं मोबाईल काढला, फेटा बांधलेला मी त्यात दात काढत होतो. "यंदा समद्या हळदीला हेच सोडतो. बाटल्या आत्ताच सांगून ठेवतो." आणि त्यानं जाहिरातीवरचा नंबर लावला.

मी भिंतीवरच्या शंकराकडं बघितलं, त्यानं डोळे मिटून घेतलेले.

बायको म्हणाली, "आरं, वाण तर इचार आधी."

"कोणतं वाण गं, अक्का?"

"गोलाईचं."

मोबाईलमधून "हॅलो साहेब, बोला" ऐकू येत होतं. मेव्हण्यानं फोन कापला, अंगठ्यानं रताळ्यावरची माती खरवडली. "मंग ही?"

"ती घरची," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपास सोडायला पंगत बसली. मीही पाट ओढला. मेव्हण्यानं माझं वाढलेलं ताट उचललं, अदबीनं बाहेर नेलं आणि अंगणातल्या पायरीवर ठेवलं.

"दाजी, या घरात न्हाई सोडणार म्हणला होता न्हवं? या बाहीर."

गेलो. समोरच्या घरातली माणसं बघत होती. वरणावर तूप मात्र त्यानं हात न आखडता वाढलं होतं.