बेरीज बरोबर होती तरी

घोडेगावला एसटी स्टँडमागे रक्त तपासणाऱ्या गेनभाऊ शेळके यांची आणि माझी पहिली ओळख जरा रागातच झाली. रिपोर्टासाठी मी बाकावर खोळंबले होते आणि ते सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढेनात. "भाऊ, माझी एसटी जाईल," म्हटलं तर म्हणाले, "दुसरी येईल वहिनी. माझ्या अजून चाळीस पेशी मोजायच्यात." पुढे त्यांच्याकडे मशीन आलं, तरी शंका आली की काचेवर शंभर पेशी स्वतः मोजायच्या, हा त्यांचा नेम सुटला नाही.

मागच्या थंडीत फ्लूची साथ होती. आमच्या यजमानांच्या तापाचा तो पाचवा दिवस. सकाळी फोनवर रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी सात हजार, मापात. घरचा हिशेब मीच ठेवते. बेरीज जुळली की पान उलटायची मला सवय. खालच्या ओळी मी वाचल्याच नाहीत. फोन बंद करून पोथीला बसले.

पोथी मिटते तोच गेनभाऊ मोटारसायकलवरून दारात. यजमान वहाणा घालत होते, बेल्ह्याच्या बैलबाजाराला निघालेला टेम्पो उभा होता.

"काय रे, बैलाचं रक्त काढाया आलास व्हय?" यजमान म्हणाले.

गेनभाऊ हसले नाहीत. "तात्या, आत बसा."

"अहो, रिपोर्ट तर चांगला आहे," मी म्हटलं.

"बेरीज बरोबर हाय वहिनी. पण विषाणूशी लढणाऱ्या लिम्फोसाइट शंभरात वीस-पंचवीस तरी पायजेत. तात्यांच्या नऊच हायेत. दुसऱ्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, शहाऐंशी, लई जास्त. मशीन चुकलं आसंल म्हणून हातानं दोनदा मोजल्या."

"ताप उतरलाय, ऑक्सिजन पंच्याण्णव हाय. मला काय व्हतंय राव?"

"व्हईलच आसं न्हाई. मी डॉक्टर नाय. पण आसं रक्त आसलेली माणसं लई झटक्यात ढासळताना बघितलीत. डॉक्टर वाट बघत्यात." एवढं बोलून त्यांनी मोटारसायकल टेम्पोपुढे आडवी लावली आणि किल्ली खिशात टाकली. यजमान तणतणतच दवाखान्यात गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा ऑक्सिजन चौऱ्याऐंशीवर आला. नळी आधीच लावलेली होती, डॉक्टर शेजारी होते. घरी किंवा बाजारात असते तर काय झालं असतं, हा विचार मी अजूनही पुरा करत नाही.

गेनभाऊ रोज रक्त नेत आणि स्वतः येऊन आकडा सांगत. नऊ. सात. पुन्हा सात. त्या दोन दिवसांत माझ्या तोंडून नामही धड निघेना. मग अकरा आले. मी हात जोडले, तर ते म्हणाले, "देवाला म्हणावं, अजून लक्ष ठेव. आकडा धोका सांगतो वहिनी, निकाल सांगत नाय." आकडे चांगले असूनही गेलेली माणसं त्यांनी पाहिली होती. खोटा धीर त्यांनी मला दिला नाही. चौदाव्या दिवशी यजमान आपल्या पायांनी घरी आले.

गेनभाऊंना आता साठ पुरी होत आहेत. आपल्या तालुक्यात "मला आता बरंय" म्हणत अंथरुणातून उठून कामाला लागणारी माणसं पुष्कळ आहेत. त्या साऱ्यांच्या घरच्या बायकांच्या वतीने भीमाशंकराकडे माझं मागणं आहे: गेनभाऊंना निरोगी, उदंड आयुष्य द्यावं आणि त्यांची नजर शेवटपर्यंत शाबूत ठेवावी.