अक्काचा ळ

दुष्काळाचं साल होतं आणि आमच्या अहमदपुरात दोनच विषय होते: टँकर कधी येणार आणि नवा जिल्हा कधी होणार. जिल्ह्यासाठी गावात समिती झालेली. आज या साहेबाला, उद्या त्या मंत्र्याला निवेदन जायचं, आणि ही सगळी निवेदनं टाईप करायची माझी थोरली जाऊ. तिला आम्ही अक्का म्हणायचो.

आमच्या दोन घरांत भिंत एकच. अक्काकडं कॉम्प्युटर आला तसा माझा जीव जळायला लागला, खोटं कशाला बोलू? टँकरच्या रांगेत बाया आपली घागर मागं सारायच्या. "अक्का, तुम्हाला समितीचं काम असंल, आधी भरून घ्या." मी तिच्या मागंच उभी असायचे. मला कुणी म्हणालं नाही, की तू पण घे.

टायपिंग मलाही येत होतं की. लग्नाआधी परीक्षा पास झाले होते. अक्का तर एकेक अक्षर शोधत एका बोटानं टाईप करायची. शेवटी मी हट्टच धरला, आणि मालकांनी लातूरच्या कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर आणला. आता मला समितीचं काम पाहिजे होतं. सगळं नाही, निम्मं तरी. अडलं कुठं, तर मराठी सॉफ्टवेअर नव्हतं.

अक्काकडं ते होतं. नांदेडला एका दुकानात सवलतीत मिळायचं. एका खोक्यात सात-आठ सीड्या, त्यात पोरांचे खेळ, कुंडली, हिशेब आणि हिंदी-मराठी टायपिंग. मी आवाजात साखर घालून विचारलं, "अक्का, तुमचं ते खोकं कसं हाय? आणावं म्हणते."

हातातल्या काळ्या पेनाचं टोपण लावत ती म्हणाली, "बंडल हाय गं. नको आणूस."

म्हणजे स्वतः त्याच्या जिवावर गावभर मिरवायली, आणि मी आणते म्हटलं की लगेच बंडल. हिला माझं बरं बघवत न्हाई, दुसरं काय? मी तडक नांदेड गाठलं. दुकानदार म्हणाला, "ताई, सुटी सीडी घेऊ नका, बंडल घ्या. बंडलवरच सवलत आहे." त्याचं बंडल म्हणजे गठ्ठा, अक्काचं बंडल म्हणजे भंकस. मी त्याचं ऐकलं.

एसटीत खोकं मांडीवर घेऊन आले. समितीच्या सरांकडून निवेदनाचा कच्चा कागद मागून आणला आणि बसले. पहिल्याच ओळीत 'दुष्काळ', आणि ळ काही सापडंना. सगळ्या कळा दाबून झाल्या, शिफ्ट धरून झालं. ळ नव्हताच त्यात. बनवणाऱ्यानं हिंदीसाठी बनवलेलं आणि वर मराठीचंही नाव छापलेलं. दुष्कालाचं एक वेळ चाललं असतं, पण पुढं होतं, 'तलावातील गाळ काढून द्यावा'. आता मंत्र्याला काय गाल काढायला सांगायचं?

तेव्हा तो काळा पेन आठवला. अक्कानं टाईप केलेली एक जुनी प्रत घरात होती, ती उजेडात धरली. एकूण एक ळ हातानं काढलेला. इतका रेखीव, की छापलेला वाटावा. एका बोटानं टाईप करणारीच्या हातात असलं अक्षर द्यायची देवाला काय गरज होती, असं मला खरंच वाटलं.

मीही जागा सोडून टाईप केलं आणि पेन घेतला. माझे ळ नवशिक्यानं पाडलेल्या जिलब्यांसारखे आले. तसेच सरांकडं नेले. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"टायपिंग झकास हाय वहिनी. एक चूक न्हाई. आजपासून निम्मं काम तुमच्याकडं."

मी हवेतच गेले.

"फक्त ळ तेवढे अक्काकडून भरून आणत जा."

गेले. काय करता? अक्कानं कागद घेतले, टोपण काढलं, आणि माझ्या मोकळ्या सोडलेल्या जागांत एकेक ळ बसवत गेली. मी उंबऱ्यात उभी. शेवटी शाईवर फुंकर मारून तिनं कागद माझ्या हातात दिले.

"तुला सांगितलं व्हतं न्हाई का," ती म्हणाली, "बंडल हाय म्हणून."