पापडांची चादर आणि सड्यावरची फुली

मुलांनो, परवा तुम्ही व्हिडिओ कॉलवर आपलं रत्नागिरीचं घर आकाशातून दाखवलंत आणि विचारलंत, "आजी, यातलं आपलं छप्पर कुठलं?" मला पटकन सांगता आलं नाही. तेव्हा आमच्या भाडेकरूंची आठवण झाली. त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. जमिनीवर चालताना जग वरून पाहणारा माणूस मी आयुष्यात तो एकच पाहिला.

ऐंशीच्या दशकात ते नकाशाच्या सरकारी कामावर इथे आले आणि आमच्या माडीवर राहिले. विमानातून काढलेल्या फोटोत दिसणारी वस्तू जमिनीवर नेमकी शोधायची आणि तिचे अक्षांश-रेखांश काढायचे, हे त्यांचं काम. अशा चार-पाच खुणा पक्क्या झाल्या की फोटोतल्या बाकीच्या विहिरी, घरं, वाटा आपापल्या जागी बसतात, असं ते मला समजावत. शेजाऱ्यांना ते चेहऱ्याने नव्हे, छपरांनी ओळखत. लग्नात भेटलेल्या गृहस्थांना त्यांनी एकदम विचारलं होतं, "पश्चिमेकडची कौलं बदललीत का?" दोन भिंगांच्या यंत्राखाली जोडीचे फोटो ठेवले की झाडं उभी राहिलेली दिसत. ते पाहताना आमचे भाडेकरू माडांना लागू नयेत म्हणून पाय खुर्चीवर घेऊन बसत.

त्यांना एकाच गोष्टीचा अभिमान होता. सबंध नोकरीत त्यांनी एकाही खुणेपुढे 'सापडली नाही' असं लिहिलं नव्हतं. निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि शेवटची खूण राहिली होती, आमच्या घरामागच्या सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची. फोटोत तिथे पांढरा चौकोन होता. त्यांनी तो सिमेंटचा चौथरा धरला. तीन दिवस ते छत्री घेऊन उघड्या कातळावर फिरले. जागा साधारण कळत होती, पण 'साधारण' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागे.

चौथ्या दिवशी जेवण तसंच टाकून उठले, तेव्हा माझ्या सासूबाईंनी, म्हणजे तुमच्या पणजीने, आजोबांच्या आईने, हटकलं. "अहो मोजणीवाले, सड्यावर काय पुरून ठेवलंयत?"

"चौथरा हरवलाय, काकू. कोणी फोडून नेला बहुतेक."

सासूबाईंनी चष्मा लावून भिंगातून फोटो पाहिला. "चौथरा कसला? ही माझी चादर. पोह्याचे पापड वाळतायत."

त्यांनी पुन्हा भिंगातून पाहिलं. "म्हणजे मी पापडांवर तालुका टांगला होता. आता 'सापडली नाही' लिहावंच लागणार."

"ते कशाला? चादर काय रोज नव्या जागी घालते मी? तीस वर्षं तीच जागा, तेच चार दगड. वाऱ्याने उडायला नको."

भर उन्हात आम्ही तिघं सड्यावर गेलो. चारही दगड गवतात होते. सासूबाईंनी तीच दोन चादरी जोडून शिवलेली चादर पसरली, कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मोजणीवाल्यांनी विहिरीपासून आणि गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कोपऱ्यापासून फीत लावली, फोटोशी ताडून पाहिली, पुन्हा लावली. मग टोपी काढून म्हणाले, "काकू, तुम्ही आमच्या खात्यात हव्या होतात."

"पगार काय देता?" सासूबाईंनी विचारलं.

फोटोच्या पाठीवर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'चादरीचा मध्य. चादर सध्या उचलली आहे.' आणि जागा पुन्हा हरवू नये म्हणून छिन्नीने कातळावर फुली कोरली.

निरोप घेताना त्यांनी आमच्याकडे कमी आणि छपराकडे जास्त पाहिलं. "वरून कुठूनही ओळखेन," म्हणाले. पुढे काही वर्षं दिवाळीला पत्र येई, मग ते थांबलं. सासूबाईही गेल्या. कौलं जाऊन आता निळा पत्रा आलाय, त्यामुळे वरून त्यांनाही घर ओळखू आलं नसतं.

तुमचा फोन ठेवल्यावर मी काठी घेऊन सड्यावर जाऊन आले. तीन दगड सापडले. फुली आहे.