अडकित्त्याचा तपास

माझ्या सासूबाईंचा अडकित्ता मी चोरला, तो निव्वळ वाचनसंस्कृतीसाठी.

घोडेगावजवळच्या आमच्या गावात मी वाचनालय सांभाळते. (मानधन विचारू नका, मीही विचारायचं सोडलंय.) त्या खोलीवर ग्रामपंचायतीचा व्यायामशाळेसाठी डोळा होता. सरपंच म्हणाले, "वहिनी, सुट्टीत पोरं वाचताना दिसली तर खोली तुमची. नायतर आमी डंबेल आणून ठेवतो."

मग मी मुलांची एक रहस्यकादंबरी काढली. रोज एक प्रकरण वाचायचं आणि सोबत गावातल्या खऱ्याखुऱ्या चोरीचा तपास करायचा! अडकित्ता मी शब्दकोशामागे दडवला. (तिथे आजवर कुणी हात घातलेला नाही.) सासूबाईंना मुद्दामच सांगितलं नाही, त्यांना सांगणं म्हणजे गावात दवंडी पिटणं.

सुरुवात झकास झाली. मुलं भिंग घेऊन फिरू लागली, पुढचं प्रकरण वाचा म्हणून हट्ट धरू लागली. मला अगदी भरून आलं.

इकडे सासूबाईंची सुपारी बंद पडली. "माज्या आईनं दिल्याला व्हता गं," म्हणत त्या डोळे पुसायच्या. त्यांचा संशय शेजारी राहणाऱ्या माझ्या जाऊबाईंवर. त्यातच मुलांनी जाऊबाईंच्या चपलेचा ठसा उतरवून नेला! जाऊबाईंनी बोलणं टाकलं, मग ताक पाठवणंही बंद केलं. तेव्हाच कबूल केलं असतं तर घर वाचलं असतं, पण वाचनालय बुडालं असतं. मी पुढचं प्रकरण वाचायला घेतलं.

शेवटी आमचे हे वैतागले. "लई झालं. खंडोबाच्या देवळात बेल-भंडारा ठेवू. ज्यानं घेतला न्हाई, त्यानं उचलायचा."

"अहो, मुलं छडा लावतायत. जरा धीर धरा."

"तवर आईचे दात पडतील."

देवळात मुलं पुढेच बसली होती. जाऊबाईंनी भंडारा उचलला, ह्यांनी उचलला. माझी पाळी आली आणि हात पुढे होईना. खोटं बोलावं तर खंडोबा, खरं बोलावं तर सासूबाई.

"मीच घेतला," मी म्हणाले. "शब्दकोशामागे आहे."

सासूबाईंनी मला खालून वर न्याहाळलं. "एवढी बुकं वाचून ह्येच शिकलीस व्हय?"

दुसऱ्या दिवशी सारिका, माझी सगळ्यात हुशार वाचक, एकटीच आली, तीही पुढचं ऐकायचं नाही हे सांगायला. "बाई, पुस्तकातली पोरं येडीच हायेत. त्यांच्या गावात खंडोबा न्हाई का? पयल्याच पानावर भंडारा ठिवला असता तर येवढं वाचावं लागलं नसतं."

त्यानंतर एकही मूल फिरकलं नाही. सुट्टी संपली, डंबेल आली आणि पुस्तकं पोत्यांत भरून आमच्या माळ्यावर गेली. भरताना मी खूप रडले.

सरपंच मात्र भला माणूस. म्हणाले, "वहिनी, तुमचं घर समोरच हाय. व्यायामशाळेची किल्ली तुमच्याकडंच राहू द्या."

मी हात पुढे केला, तेवढ्यात सुपारी कातरत सासूबाई म्हणाल्या, "हिच्याकडं नगा देऊ, भाऊ. डंबेल गेलं तर पुन्यांदा खंडोबाला तरास."