बिनचिठ्ठीच्या बरण्या

बेकरीत तिला सगळे भट्टीवालीच म्हणायचे. एकवीस वर्षं तिने तिथे स्ट्रॉम्बोली भाजले. म्हणजे मैद्याची पोळी लाटायची, तिच्यावर हॅम नि चीज पसरायचं, गुंडाळायचं आणि भट्टीत सारायचं. ऐकायला सोपं, पण तिच्या हातचा रोल संपला की गिऱ्हाईक हात हलवत परत जायचं, दुसऱ्या कुणाचा घ्यायचं नाही.

मग तो ताप आला. आठ दिवसांत गेला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. तोंडात काहीही घाला, पुठ्ठा चावल्यासारखं! हे तिने घरात कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. येईल परत, येईल परत करत तीन महिने रजेतच गेले. शेवटी मालकाचा निरोप आला, "शुक्रवारी चारला घरून एक रोल करून आण. जमत नसेल तर मी दुसरी बाई बघतो."

शुक्रवारी ती सकाळपासून ओट्याला चिकटली. पीठ मस्त फुगलं. हॅमचे काप, वर चीज, त्यावर वाळक्या पाल्याचा चुरा. इथेच घात झाला. तिच्या फळीवरच्या एकाही बरणीवर चिठ्ठी नव्हती. कशाला हवी? झाकण उघडून नाकाशी धरलं की झालं, हा तिचा जुना तोरा. हिरव्या चुऱ्याच्या दोन बरण्या होत्या, दिसायला सारख्याच. तिने एक उचलली आणि सढळ हाताने भुरभुरली. गुंडाळून कडा दाबल्या, अंडं फासलं, वर चार चिरा दिल्या.

रोल असा सोनेरी निघाला की बघत राहावं. पण चव कोण सांगणार? घरात एकटी सासू. लग्न झाल्यापासून या बाईने एकदाही बरं म्हटलेलं नाही. मीठ कमी, कड कच्ची, काहीतरी असायचंच. म्हणूनच तिच्यावर भरवसा.

"आई, जरा चाखता का?"

सासूने घास घेतला. थांबली. चावून गिळला. मग बशीतला उरलेला तुकडाही मुकाट संपवला आणि वर तांब्याभर पाणी प्यायली.

"छान झालंय गं."

भट्टीवाली तिच्यासमोर येऊन बसली. "काय चुकलं?"

"काही नाही. म्हटलं ना, छान."

"आई, तुम्ही मला छान म्हणताय!"

सासूने बशी खाली ठेवली. "उजवीकडच्या बरणीत माझं साखरेचं औषध असतं. कडूजहर. कधीपासून कळत नाही तुला?"

"तापापासून."

"वाटलंच. परवा नासक्या दुधाचा चहा तू पूर्ण प्यायलीस."

"मग बोलला नाहीत ते!"

"तू तरी कुठे बोललीस?"

सव्वातीन वाजलेले. नवं पीठ फुगायलाच दोन तास.

"बरणी चुकली म्हणून सांग मालकाला," सासू म्हणाली. "पुढच्या वेळी मी चव बघत जाईन."

"आणि कामावर रोज काय, सासूला काखोटीला मारून नेऊ?"



ती रिकाम्या हातांनी बेकरीत गेली आणि मालकाला सगळं सांगून टाकलं.

"आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर ठेवलं असतंत?"

मालकाने मान खाली घातली. मग म्हणाला, "ट्रे धुवायला बाई हवीय. उद्या सातला ये."

"सातला दुसऱ्या कुणाचे तरी रोल भट्टीतून बाहेर निघतील," ती म्हणाली. "मी आठला येते."