मोखाड्याला घालवलेला शिंपी

मी जव्हार संस्थानात नायब कारभारी होतो. आता पन्नाशी उलटली आहे, नोकरी सुटली आहे, पत्नी गेली आहे, आणि माझ्यामुळे खाली मान घालावी लागेल असं कोणी उरलेलं नाही. म्हणून लिहितो आहे. यात धाडस काही नाही.

मला पुरुष आवडत. हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच लिहिलं, आणि लिहिण्याआधी दाराची कडी पाहून आलो. घरात मी एकटाच राहतो.

जव्हार लहान गाव. सकाळी कुणाकडे पाहुणा उतरला तर दुपारपर्यंत राजवाड्यावर कळायचं. अशा गावात दुसरं आयुष्य ठेवायचं तर त्याला रोजचं, साधं निमित्त लागतं. माझं निमित्त म्हणजे कपडे. पेठेच्या टोकाला एक शिंपी होता. माझ्याहून थोडा धाकटा, लग्न न केलेला, घरात एक म्हातारी आई. दरबारी अंगरखे तोच शिवायचा, त्यामुळे माझं तिथे जाणं कुणाला खटकत नसे. माप घेताना शिंप्याने माणसाला हात लावला तर त्यात कोण काय पाहणार? एवढ्या एका गोष्टीच्या आडोशाने आमचं सगळं चाललं होतं. चारचौघांत तो मला साहेब म्हणायचा, आणि एकांतातही साहेबच म्हणायचा. मी कधी दुसरं काही म्हण असं सांगितलं नाही.

पत्नी एकदा पेटी आवरता आवरता म्हणाली, "अहो, अंग एक आणि कोट किती? बाकीचे कोण घालतं?"

मी हसलो, तीही हसली. तिला काय आणि किती ठाऊक होतं ते मी विचारलं नाही. आम्हाला मूल झालं नाही. गावाने तो दोष तिच्या पदरात टाकला, आणि मी तो तिथेच राहू दिला.

दरबारात मात्र मी नीतीचा माणूस म्हणून ओळखला जात होतो. ती ओळख मी कष्टाने कमावली होती. ज्याला आत काही लपवायचं असतं तो बाहेर जरा जास्तच मोठ्याने बोलतो. शाळेच्या बक्षीस समारंभात शीलावर बोलायला मलाच बोलावत. एक वर्षी तर कुणी मागितलेला नसताना मी ठराव आणला, की अनीतीने वागणाऱ्या इसमास चौकशीवाचून संस्थानाच्या हद्दीबाहेर घालवता यावं. ठराव एकमताने मंजूर झाला. त्या दिवशी अंगावर होता तो कोट त्या शिंप्याच्याच हातचा.

आमच्याकडे चैत्रात बोहाडा होतो. देवादिकांचे रंगवलेले मुखवटे घालून, संबळाच्या ठेक्यावर सोंगं नाचतात. कुठलं सोंग कुठल्या घराने नाचवायचं हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. शेवटच्या सकाळी निघणारी देवी या शिंप्याच्या घरची. बापामागे तो नाचवायचा. मुखवटा वर्षभर आढ्याला कापडात बांधून ठेवलेला. बोहाडा जवळ आला की पूजा करून तो खाली काढायचा. एकदा खाली काढला की नाचवणाऱ्याने एकवेळ जेवायचं, भुईवर निजायचं, पायात वहाण घालायची नाही आणि गावाची शीव ओलांडायची नाही. खाली काढलेली देवी न नाचवता परत टांगली तर गावावर रोगराई येते, अशी लोकांची पक्की समजूत.

मी घाटावरून नोकरीसाठी आलेला माणूस. बोहाडा मी दरबारी खुर्चीवर बसून पाहत असे. हे सगळे नियम त्यानेच मला सांगितले होते, आणि मी हूं हूं करत त्याच्याकडे बघत बसलो होतो.

एका चैत्रात दफ्तरदार माझ्या टेबलाशी येऊन बसले. त्यांचा डोळा कारभारीपदावर होता. माझाही होता.

"नायबसाहेब, एक घाणेरडं प्रकरण आहे. तुमच्या हातून निपटलं तर बरं."

"कसलं?"

"पेठेतला शिंपी. दुपारी दुकानाला आतून कडी असते म्हणे. आत कोणी असामी असते. मोठी."

"कोण?"

"ते त्यालाच विचारायला हवं. फौजदार विचारतील, त्यांची विचारायची रीत तुम्हाला ठाऊक आहे." ते अडकित्त्याने सुपारी कातरत होते. "नाहीतर तुमचा ठराव आहेच की. त्यात काही विचारावंच लागत नाही." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाले, "कोट मात्र छान बसलाय हो."

ते गेल्यावर हुकूम मी स्वतः लिहिला. कारकुनाला सांगितला नाही, कारण सांगताना माझा आवाज कसा येईल याची मला खात्री नव्हती. लिहिताना मनाला समजावत होतो, की फौजदाराच्या कोठडीतून मी त्याला सोडवतोच आहे. जव्हारची हद्द संपली की मोखाडा, इंग्रजांचा मुलूख. जवळच तर आहे. कधीतरी कामाने जाता येईल. हुकुमात 'तात्काळ' हा शब्द मी घातला. त्याला आणखी एक दिवस जरी गावात ठेवलं तर कोणीतरी त्याच्याशी बोलेल, एवढीच भीती मनात होती.

दुपारी त्याची आई कचेरीत आली. दाराशीच बसली.

"साहेब, देवी खाली काढलीय. सोंग नाचू द्या त्याला, मंग न्या कुठं न्यायचा तो."

तेव्हा मला देवीचा नेम आठवला. कागदावर एक ओळ वाढवली असती तर भागलं असतं. पलीकडच्या टेबलावर दफ्तरदारांचं लिहिणं थांबलं होतं.

"हुकूम झालाय, बाई," मी म्हणालो.

दोन शिपायांनी त्याला भर पेठेतून नेलं. नेमामुळे तो अनवाणी होता. लोक दुकानांतून उठून पाहत होते. मी कचेरीच्या खिडकीशी गेलो नाही.

त्या वर्षी देवी निघाली नाही. पावसाळ्यात तापाची साथ आली, दरवर्षी येते तशीच, पण त्या वर्षी तिला कारण मिळालं होतं. शिंप्याच्या घरावर दगड पडले, कौलं फुटली. म्हातारी जामसरला भावाकडे गेली आणि दिवाळीआधी तिथेच वारली. पुढे दफ्तरदार कारभारी झाले. त्या दुपारबद्दल ते पुन्हा अवाक्षर बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती. त्यांनी पुढे केलेल्या प्रत्येक कागदावर मी सही करत गेलो, आणि त्यांतले सगळेच कागद चांगले नव्हते.

काही वर्षांनी जंगलाच्या हद्दीचा तंटा निघाला आणि मला मोखाड्याला जावं लागलं. बाजारात एका दुकानाच्या ओट्यावर तो गोणपाटं शिवत बसला होता. खूप वाळला होता. ती आमची शेवटची भेट.

"बसा साहेब," तो म्हणाला, जणू मी कालच येऊन गेलो होतो.

"कसा आहेस?"

"आहे." त्याने दोरा दातांनी तोडला. "इथं पण बोहाडा होतो. मी लांबून बघतो. देवी अर्ध्यात सोडून आलेल्याला मांडवात कोण घेणार?"

"तुझी आई..."

"कळलं. तिकडं यायला बंदी, मग दहावं इथंच नदीवर केलं."

माझा शिपाई थोडा लांब उभा होता. त्याच्याकडे एकदा पाहून शिंप्याने आवाज खाली आणला.

"एक विचारू? रागावू नका. तो हुकूम तुम्ही काढलात, का वरून आला आणि तुम्हाला सही करावी लागली?"

"वरून आला," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. सुई गोणपाटात टोचून ठेवली.

"मी आईला तेच सांगत होतो. शिपाई न्यायला आले तेव्हा पण तेच सांगितलं. ती ऐकत नव्हती, म्हणत होती तुझ्या साहेबानंच केलं." मग बराच वेळ तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला, आणि पूर्वी दुकानात बोलायचा तशा आवाजात म्हणाला, "तुम्हाला तरी किती त्रास झाला असेल."

मी म्हणालो, "हो, झाला."