सिकंदर मिस्त्रीच्या खांबांच्या शेंड्या

शाहू महाराजांच्या कारकिर्दीची अखेरची वर्षं ती. मोठी लढाई संपून लोखंड पुन्हा बाजारात दिसू लागलं होतं, आणि सिकंदर मिस्त्री मुंबईच्या गोदीत सिमेंटात लोखंड घालायची विद्या शिकून कोल्हापुरात परतला होता. तोंडाचा फटकळ. नुसती जागा बघून किती लोखंडी गज लागतील ते सांगे, वर मिशीवर हात फिरवून म्हणे, "एक गज कमी पडला न्हायतर उरला, तर मिशी उतरवीन."

असल्या पैजा माणसानं मारू नयेत. गावात ऐकणारे फार.

पहिलं काम मिळालं भुसारी दुकानदार तवनाप्पा शेटांचं. हे शेट काडेपेटीतली काडी चिरून दोनदा वापरत, असं म्हणत. मी पाहिलेलं नाही. पण पाहिलं असतं तर चकितही झालो नसतो. त्यांना घरावर गच्ची हवी होती. त्यांचे व्याही तात्यासो जयसिंगपुरात वखार बांधणार होते. त्यांनी मिस्त्रीला बजावलं होतं, "हितं तुझा अंदाज बरोबर निघू दे, वखार तुझी."

खांब उभे राहिले. प्रत्येकाच्या डोक्यातून हातभर गज वर आलेले. गच्चीचं लोखंड त्यांनाच बांधायचं होतं. शेटांना तसं सांगून, खांबांवर पाणी मारायला बजावून मिस्त्री बहिणीकडं इचलकरंजीला गेला.

परत येऊन बघतो तर खांबांची डोकी गुळगुळीत!

"शेट, गज कुठं हायत?"

"कापलं. उरलंतं की! आता मिशीचं काय?"

"उरलं न्हवतं, ठेवलंतं! व्हय ओ, ही काय दाढी हाय, वाढली म्हणून उतरवायला?"

"खांब संपला, गज संपला पायजे. शेंड्या कशाला?"

"गच्ची काय हवेला बांधू? सांगून गेलतो की न्हाय?"

"सांगितलंस. पर मला वाटलं, चूक झाकायला सांगतोयस."

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. समोरच्या ओट्यावर बसणारा न्हावी त्याच वेळी मुद्दाम वस्तरा घासू लागला, हे मी स्वतः ऐकलंय.

आता करणार काय? आपणच उभारलेल्या खांबांची डोकी मिस्त्री छिन्नीनं फोडू लागला, आत दडलेलं लोखंड मोकळं करून त्याला नवा जोड द्यायला. घावागणिक एक शिवी. नेमके तेव्हाच तात्यासो दारात.

"चुकलास व्हय?"

मिस्त्रीनं छिन्नी खाली टाकली. तो तडक स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. "आक्का, शेंड्या कुठं गेल्या?"

शेटांच्या पत्नी, आक्काताई, कौतुकानं एक जुडी घेऊन बाहेर आल्या. लोहाराकडून ठोकून घेतलेली उलथणी! "दोन माझ्या माहेरी गेली. ही ऱ्हायल्यात. तात्यासो, तुमच्या घरला बी एक न्या की. मोडायचं न्हाय."

तात्यासोंनी उलथणं हातात तोललं, फुटक्या खांबाकडं बघितलं, मग व्याह्यांकडं. तवनाप्पांना दुकानातलं काम आठवलं.

"मिशी ऱ्हाऊ दे," तात्यासो म्हणाले. "वखार तुझी. पर गज उभं करायच्या आधी आमच्या घरात इचार, उलथणी किती पायजेत."

वखार झाली, पुढं बरीच कामं झाली. पण खांबांना आणि गच्चीला लोखंड किती लागेल ते सांगून झालं, की मिस्त्री वैतागल्या तोंडानं मालकाला विचारी, "घरात उलथणं हाय न्हवं?" मालक हसे. मिस्त्री हसत नसे. उत्तर मिळेपर्यंत हलत नसे.